पालखीच्या वाटेवर लिंबू सरबत वाटताय? आधी पाणी बघा

आंबे बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं कागदी लिंबू ऐन पावसाळ्यात तोडणीला येतं आणि उन्हाळ्यातला भाव काही मिळत नाही. त्याच सुमाराला माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरीची वाट वारकऱ्यांनी फुलते. रस्त्याकडेचे बागायतदार मग घरच्या लिंबांचं सरबत वाटतात. काम पुण्याचंच. फक्त ‘लिंबू पिळलं की पाण्यातलं सगळं मरतं’ हा समज सोडा.

त्यात थोडं तथ्य आहे. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आंबट) साधारण २ ते २.५ असतो, एवढ्या आंबटात बहुतेक जिवाणू वाढत नाहीत. सालीच्या तेलातलं लिमोनीन आणि सिट्राल जिवाणूंचं पेशीपटल फोडतात. स्टॅफिलोकॉकस, लिस्टेरिया या जिवाणूंवर हा मारा चांगला बसतो. पण जुलाब लावणारे ई. कोलाय आणि साल्मोनेला चिवट, त्यांच्या अंगावर आणखी एक पडदा असतो. शिवाय प्रयोगशाळेत दाट अर्क थेट जिवाणूंवर घालतात, तुमच्या पिंपात तो पार पातळ होतो. आणि दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचा विषाणू आंबटाला दाद देत नाही.

म्हणून पाणी उकळून गार केलेलं घ्या. टँकरचं असेल तर क्लोरिन टाकून अर्धा तास थांबा, मगच लिंबू पिळा. बर्फ खाण्याचाच आहे ना, हे विकणाऱ्याला विचारा. नसेल तर बिनबर्फाचं सरबत बरं.

झाडाखाली पडलेली लिंबं सरबताला नकोत, विशेषतः शेणकाला किंवा जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं खत) सोडलेल्या बागेत. चांगली फळंही चिरण्याआधी वाहत्या पाण्यात चोळून धुवा, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. रस स्टीलच्या भांड्यात ठेवा, तांब्या-पितळेच्या नाही.

तोडणी मात्र दव सुकल्यावरच. पहाटे फळ पाण्यानं टरारलेलं असतं, जरा दाबलं की सालीतल्या तेलाच्या पिशव्या फुटतात. जिवाणू मारणारं तेच तेल मग सालच जाळतं आणि दोन दिवसांत तपकिरी डाग उठतात. व्यापारी असा माल बाजूला काढतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

उरलेल्या सालींना मीठ लावून लोणचं घाला. वाळवायच्या असतील तर सोलर ड्रायर असेल तरच, उघड्यावर आषाढातल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते.