मालकाचा ठावठिकाणा नसलेले जुने घर विकत कसे घ्यावे

कुलपावर गंज चढलेला, अंगणात कमरेइतके गवत, छपराची एक बाजू खचलेली, आणि शेजाऱ्यांना विचारले तर "कुणाचे आहे कोण जाणे" एवढेच उत्तर. असे घर दिसले की ते बेवारस आहे, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. कायद्याच्या नजरेत मात्र बिनमालकाचे घर जवळजवळ नसतेच. मालक हयात नसेल तर वारस असतात आणि वारसही नसतील तर बहुतेक देशांत मिळकत शासनाकडे जाते; बंद पडलेल्या कंपनीच्या नावावरच्या घराचे काय करायचे, हेसुद्धा कायद्याने ठरवून ठेवलेले असते. तेव्हा असे घर घेणे म्हणजे मुख्यतः खरेदीखतावर सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे हुडकून काढणे होय. किमतीची घासाघीस आणि दुरुस्तीचे बेत त्यानंतरचे.

पहिली पायरी पाहणीची, आणि ती रस्त्यावरूनच करावी. दारावर चिकटवलेली एखादी नोटीस, पत्रपेटीतल्या पाकिटांवरचे दर्शनी दिसणारे नाव, विजेची जोडणी चालू आहे की तोडलेली, गवत कधीमधी कोणी कापते का, यांतून पुष्कळ कळते. गवत कापलेले दिसले तर कोणीतरी ते कापणाऱ्याला बहुधा पैसे देत आहे, आणि पैसे देणाऱ्याचा पत्ता कापणाऱ्याकडे असण्याची शक्यता मोठी. कुतूहल कितीही असले तरी कुलूप तोडून किंवा खिडकीतून आत जाऊ नये. छप्पर अंगावर येण्याचा धोका आहेच. शिवाय तो गुन्हाही ठरू शकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये राहत्या घरात बेकायदा शिरून मुक्काम ठोकणे हा 2012 पासून फौजदारी गुन्हा आहे.

दुसरी पायरी कागदपत्रांची. आधी घराचा अधिकृत क्रमांक आणि चतुःसीमा निश्चित कराव्यात, कारण कार्यालयातले दप्तर "कोपऱ्यावरचे पडके घर" अशा वर्णनाने उघडत नाही. मग जमीन किंवा मिळकत नोंदणी कार्यालयातून उतारा काढावा. तिथे नाव मिळाले तर उत्तमच, पण न मिळाल्यास लगेच हताश होऊ नये. नोंदणी नसण्याचे कारण पुष्कळदा अगदी साधे असते. उदाहरणार्थ, इंग्लंड आणि वेल्समध्ये विक्रीनंतरची नोंदणी सर्व भागांत सक्तीची झाली ती 1 डिसेंबर 1990 पासून. त्याआधीपासून एकाच कुटुंबात राहिलेले आणि कधी विकलेच न गेलेले घर दप्तरात नसणे तिथे स्वाभाविक आहे. जपानमध्ये तर वारसाची नोंद करणे 1 एप्रिल 2024 पर्यंत ऐच्छिकच होते, त्यामुळे पणजोबांचे नाव आजही कागदावर तसेच राहिलेली घरे तिथे कमी नाहीत.

माझ्या मते या शोधातला सर्वांत भरवशाचा धागा म्हणजे घरपट्टी. घर ओस पडले तरी कराची आकारणी थांबत नाही, आणि देयक कोणत्या तरी पत्त्यावर जातच असते. कर नियमित भरला जात असेल तर मालक किंवा त्याच्या वतीने कोणीतरी घराकडे लक्ष ठेवून आहे. बहुधा तो फक्त दूर राहतो. कर थकलेला असेल तर त्या थकबाकीचा आकडा आणि ती कोणत्या वर्षापासून आहे, हे दोन्ही टिपून ठेवावे. थकबाकी सुरू झाली ते वर्ष अनेकदा मालकाच्या मृत्यूच्या किंवा स्थलांतराच्या आसपासचे निघते. खासगीपणाच्या नियमांमुळे कार्यालय नाव द्यायला नकार देईल, तर आपले बंद पत्र त्या पत्त्यावर पुढे पाठवता येईल का, एवढे अवश्य विचारावे.

नाव किंवा पत्ता हाती आला की पत्र लिहावे. ते छोटे असावे, आणि त्यात किमतीचा उल्लेख नसावा. "अमुक क्रमांकाचे घर आपल्या कुटुंबाचे असल्याचे माझ्या वाचनात आले. ते विकण्याचा आपला विचार असेल तर मला ते घेण्याची इच्छा आहे. विचार नसल्यास तसे कळवावे, मी पुन्हा त्रास देणार नाही." इतके पुरे. घराच्या दुरवस्थेचे वर्णन करण्याचा मोह आवरावा. ज्यांचे बालपण त्या घरात गेले त्यांना ते वाचून रागच येतो. उत्तर आले नाही तर काही आठवड्यांनी एक स्मरणपत्र पाठवावे आणि दोन्ही पत्रे पोहोच पावतीसह जपून ठेवावीत, कारण प्रकरण पुढे न्यायालयात गेले तर आपण मालकाचा प्रामाणिकपणे शोध घेतला, याचा तोच पुरावा असतो.

मालक वारलेला असेल तर खरे काम इथून सुरू होते. मृत्यूची नोंद, मृत्युपत्र, वारसाहक्काचे न्यायालयीन दस्त आणि जुन्या शेजाऱ्यांच्या आठवणी यांवरून वंशावळ कागदावर उभी करावी आणि प्रत्येक नावापुढे त्याचा हिस्सा मांडावा. समजा, मालकाला चार मुले होती आणि समान वाटणी होते असे धरले, तर प्रत्येकाचा वाटा एक चतुर्थांश. त्यांतला एक तीन मुले मागे ठेवून वारला असेल तर त्या तिघांचा प्रत्येकी एक बारांश. म्हणजे आता सह्या चार नव्हे, सहा लागणार, आणि त्यांतला एखादा परदेशात, एखादा अज्ञान (कायद्याने सज्ञान न झालेला), तर दोघे एकमेकांशी न बोलणारे. "बाकीच्यांचे मी बघतो" असे सांगणारा एकच वारस पुढे आला तर त्याच्याकडून घर घेऊ नये. तो फार तर स्वतःचा हिस्सा देऊ शकतो, आणि तो घेऊन आपण अनोळखी लोकांबरोबर सहहिस्सेदार होऊन बसतो. सर्वांनी एकत्र खरेदीखत करून द्यावे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांचे मुखत्यारपत्र घ्यावे आणि ते खरे व चालू आहे याची वकिलाकडून खातरजमा करून घ्यावी.

कोणीच सापडले नाही, तर मार्ग देशागणिक बदलतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये बिनवारस मिळकती आणि विसर्जित कंपन्यांच्या मिळकती, काही भाग वगळता, राजसत्तेकडे जातात आणि त्यांचा कारभार एक सरकारी विभाग पाहतो. फ्रान्समध्ये वारस पुढे न येता साधारण 30 वर्षे उलटली की घर स्थानिक कम्यूनच्या, म्हणजे गावाच्या किंवा शहराच्या प्रशासनाच्या, मालकीचे होऊ शकते. जपानमध्ये 2023 पासून मालक अज्ञात असलेल्या जमिनीसाठी किंवा इमारतीसाठी, हितसंबंधी व्यक्तीच्या अर्जावरून, न्यायालय व्यवस्थापक नेमू शकते आणि न्यायालयाच्या परवानगीने तो विक्रीही करू शकतो. अशा ठिकाणी आपण शासनाकडून किंवा व्यवस्थापकाकडून घेतो आणि आपल्याला सही करणारा अधिकृत माणूस मिळतो.

कराच्या थकबाकीपोटी होणारा लिलाव हा आणखी एक रस्ता. अमेरिकेत तो प्रचलित आहे, पण तिथेही काही राज्यांत प्रत्यक्ष मिळकत विकली जाते, तर काही ठिकाणी फक्त थकबाकी वसूल करण्याचा हक्क विकला जातो. या दुसऱ्या प्रकारात आपण पैसे भरून बाहेर पडतो तेव्हा घर आपले झालेले नसते. अनेक ठिकाणी जुन्या मालकाला ठरावीक मुदतीत रक्कम भरून मिळकत सोडवून घेता येते, म्हणून ती मुदत संपेपर्यंत दुरुस्तीवर एक पैसाही खर्च करू नये. त्यानंतरही मालकी निर्वेध असल्याचा हुकूमनामा न्यायालयाकडून घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

"तिथे जाऊन राहा, काही वर्षांनी घर आपोआप तुमचे होते" हा सल्ला हमखास मिळतो. प्रतिकूल कब्ज्याचा सिद्धांत खरा आहे, पण त्यात आपोआप काही नाही. भारतात 1963 च्या मुदत कायद्यानुसार खासगी मिळकतीसाठी 12 वर्षांचा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला विरोधी असा कब्जा सिद्ध करावा लागतो. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत मिळकतीबाबत 10 वर्षांनंतर अर्ज करता येतो, पण त्यावर मूळ मालकाला नोटीस जाते आणि त्याने हरकत घेतली तर अर्ज बहुधा तिथेच अडतो. ज्याला घर विकतच घ्यायचे आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

विक्रेता निश्चित झाला की व्यवहार इतर घरांसारखाच, फक्त सावधगिरी दुप्पट. स्वतंत्र वकिलाकडून मागील अनेक दशकांचा हक्कशोध करून घ्यावा आणि गहाण, दावे, थकीत कर, पाडकामाचे आदेश यांचा बोजा तपासावा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. पाया, ओल, वाळवी, छप्पर आणि सांडपाण्याची वाट यांची अभियंत्याकडून तपासणी विक्रेत्याच्या लेखी परवानगीने करून घ्यावी. इसाराची रक्कम लहान ठेवावी, आणि ठरलेल्या मुदतीत सर्व वारसांच्या सह्या झाल्या नाहीत तर ती परत मिळेल, असे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. उरलेली रक्कम खरेदीखताच्या नोंदणीच्या वेळीच, प्रत्येक वारसाच्या खात्यात त्याच्या हिश्श्याप्रमाणे जमा करावी. एकाच्या हाती सगळे पैसे दिले की वाद तिथूनच सुरू होतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे घरातल्या वस्तू. घर विकले म्हणजे आतले कपाट, पेटी, फोटो आणि कागदांची गाठोडी विकली गेली असे होत नाही. ताबा घेण्याच्या दिवशी विक्रेत्यांपैकी कोणाला तरी बरोबर घेऊन खोलीवार यादी करावी, फोटो काढावेत, आणि नेण्याजोगे काय, टाकून द्यायचे काय हे त्या यादीवरच लिहून सही घ्यावी. जुने कागद मात्र सगळ्यांत शेवटी आणि एकेक उलगडून पाहावेत. त्यात घराचे मूळ खरेदीखत सापडले तर त्याची प्रत आपल्या वकिलाकडे त्याच दिवशी पोहोचवावी.