लॅपटॉपचा प्रोसेसर सारखा वेग का बदलतो, आणि त्याची सेटिंग कशी करावी

मे महिन्यातल्या दुपारी ऐरोलीच्या आमच्या घरात लॅपटॉप मांडीवर ठेववत नाही. पंखा घोंघावतो, की-बोर्डच्या खालून चटका बसतो. अशा वेळी सेटिंगला हात लावण्याआधी नुसतं बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर, जा आणि ‘स्पीड’चा आकडा मिनिटभर न्याहाळा. माझ्याकडे निवांत असताना तो १.२ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. ब्राउझर उघडला की ३.८ वर जातो आणि पान उमटलं की पुन्हा उतरतो. अनेकांना हा बिघाड वाटतो. खरं तर प्रोसेसर तुमची वीज वाचवत असतो.

प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म स्विचच्या, प्रत्येक उघडझापीला थोडा विद्युतभार भरावा आणि सोडावा लागतो. ही वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या बाबतीत त्याच्या वर्गाच्या, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेजच्या, प्रमाणात. सगळी मेख त्या वर्गात आहे. इंटेलने २००० साली लॅपटॉपसाठी स्पीडस्टेप, म्हणजे प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज कमी-जास्त करायचं तंत्र, आणलं, तेव्हाचा पेंटियम थ्री प्रोसेसर चार्जरवर ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्टवर चाले, तर बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर. वेग चौथ्या हिश्श्याहूनही कमी घटला. पण गुणाकार करून पाहा, या उघडझापीची वीज जवळजवळ निम्म्यावर येते.

मग व्होल्टेज कायमच कमी का ठेवत नाहीत? कारण कमी व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर सावकाश पलटतो. प्रोसेसरचं काम त्याच्या आतल्या घड्याळाच्या ठोक्यांवर चालतं, आणि वेग म्हणजे सेकंदातले हे ठोके. पुढचा ठोका पडायच्या आत बेरीज पुरी झाली नाही, तर उत्तर चुकतं आणि मशीन अडकतं. म्हणून वेग वाढवताना आधी व्होल्टेज चढतं, मग वेग. उतरताना आधी वेग, मग व्होल्टेज. ही शिस्त मला फार आवडते, कारण सेकंदात कितीतरी वेळा ती पाळली जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता सेटिंग. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी असं जाऊन पॉवर मोड बघा. रोजच्या कामाला ‘बॅलन्स्ड’ पुरतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून काम उरकायचं असेल आणि बॅटरी पुरवायची असेल, तर ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ निवडा. ‘बेस्ट परफॉर्मन्स’ व्हिडिओ एडिटिंगपुरतं ठेवा, काम झालं की परत फिरवा.

तरीही उकडतंच असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनची अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. तिथे ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’खाली ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण बहुतेक लॅपटॉपवर त्यामुळे टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वरची धाव, बंद होते. सर्वांत जास्त व्होल्टेज तिथेच लागतं, त्यामुळे पंख्याचा आवाज लगेच उतरतो. जड कामं थोडी रेंगाळतील, ते मान्य असेल तरच ठेवा. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. तिथे पॉवर मोडवरच भागवा. ‘मिनिमम’चा आकडा मात्र १०० करू नका. त्याने प्रोसेसरला खाली उतरू न देण्यासारखं होतं.

उलटा त्रासही होतो. माझ्या मुलीचा लॅपटॉप एकदा ०.४ गिगाहर्ट्झच्या वर चढेना. वर्डमध्ये टाइप केलेलं अक्षर दिसायला सेकंद लागायचा. दोन दिवस मी सेटिंग उलटसुलट करत बसलो. शेवटी चार्जर हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली : लॅपटॉपला ६५ वॅट लागत होते आणि स्टेशनाबाहेरून घाईत घेतलेला चार्जर ४५ चा होता. वीज पुरत नाही म्हणून मशीनने वेग दाबून धरला होता. योग्य चार्जर लावला आणि आकडा झपकन तीनच्या वर गेला. वेग खालीच अडकला असेल, तर आधी चार्जरचे वॅट बघा, मग पंख्याच्या जाळीतली धूळ.