हस्ताचा पाऊस आणि कोळंबीचं निळं रक्त

खाडीकाठच्या बऱ्याच तलावांत आता दुसऱ्या पिकाची व्हनामी जातीची कोळंबी पन्नास-साठ दिवसांची झाली असेल. दाणा खाते आहे, वजन धरते आहे, आणि नेमका याच वेळी हस्त लागतो. दिवसभर चटका, संध्याकाळी गडगडाट, तासाभरात तलाव वरून गोडा होतो आणि पहाटे गारवा. या पावसाने मेलेली कोळंबी त्या रात्री दिसत नाही. चार-पाच दिवसांनी ती काठाला लागते, आणि मग आपण औषधाच्या दुकानाकडे धावतो. मधल्या त्या दिवसांत कोळंबीच्या अंगात काय चालतं ते कळलं, तर दुकानाची बरीच फेरी वाचते.

कोंबडीला लस टोचली की तिचं शरीर त्या रोगाची ओळख धरून ठेवतं. कोळंबीकडे अशी ओळख ठेवणारी अँटिबॉडी नाहीच. खेकडा, शेवंड, कालवं, तारामासा, सगळ्यांची तीच गत. म्हणून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर (कोळंबीचा विषाणूने होणारा रोग) कोंबडीसारखी लस मागायला जाऊ नका, आणि कुणी ‘कोळंबीची लस’ म्हणून बाटली पुढे केली तर ती तशीच परत द्या.

तिची पहिली भिंत म्हणजे कवच. ते भेदून जंतू आत शिरला तर रक्तातल्या पेशी कामाला लागतात. जंतूच्या अंगावरच्या साखरेसारख्या घटकांवरून त्या परका ओळखतात. लहान असेल तर गिळतात, मोठा असेल तर गराडा घालतात. हा गराडा पहिल्यांदा नीट पाहिला तो शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव यांनी, 1882 साली इटलीतल्या मेसिनाच्या किनाऱ्यावर. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात त्यांनी गुलाबाचे काटे टोचून ठेवले. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींची गर्दी! पुढे 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

कोळंबीच्या पेशी आणखी एक गोष्ट करतात, ती तुम्ही रोज बघता. जखमेच्या किंवा जंतूच्या जागी त्या काळा रंग तयार करतात आणि जंतूला त्यात कोंडतात. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं, तशाच जातीची ही क्रिया. दाणा खाल्ला का ते पाहायच्या चेक ट्रेवर उचललेल्या कोळंबीच्या पाठीवर एखादा काळा डाग दिसला तर घाबरू नका, तिथे लढाई झाली एवढाच त्याचा अर्थ. पण ट्रेमधल्या निम्म्या कोळंब्यांवर डाग, मिशा तुटलेल्या, शेपटीची टोकं झिजलेली असं दिसलं, तर तळ खराब झाला आहे आणि व्हिब्रिओ नावाचा जंतू वाढला आहे असं समजून चालायचं.

तिचं रक्त निळसर असतं, कारण प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनात आपल्यासारखं लोह नसून तांबं असतं. सुईने थेंबभर रक्त काढून काचेवर ठेवा. निरोगी कोळंबीचं बघता बघता घट्ट होतं. पांढऱ्या ठिपक्याचा विषाणू अंगात मुरला असेल तर ते पाण्यासारखं पातळच राहू शकतं. पीसीआर तपासणीची जागा ही परीक्षा घेणार नाही, पण पहाटे बांधावर उभं राहून निर्णय घ्यायचा असतो तेव्हा एवढाही इशारा कामाचा असतो.

आता पावसाचं. या पेशींचा साठा मोजका असतो. प्राणवायू कमी झाला, क्षारता एकदम उतरली, अमोनिया वाढला किंवा कोळंबीने कात टाकली की तो आणखी घटतो. हस्ताचा एक पाऊस यातलं बहुतेक सगळं एकाच रात्री घडवून आणतो, त्यात अवसेचं उधाण जवळ असलं तर कातही त्याच सुमाराला पडते. पाणी गार झालं की पांढऱ्या ठिपक्याच्या विषाणूचं फावतं. अंगात गुपचूप बसलेला तो विषाणू डोकं वर काढतो, आणि मर सुरू झाली की तीन ते दहा दिवसांत तलाव रिकामा करू शकतो.

म्हणून पाऊस येण्याआधी बांधाच्या उतारावर शेतीचा चुना मारून ठेवा. खाजणातल्या मातीवरून वाहून येणारं पाणी आंबट असतं, ते तलावात उतरण्याआधीच सुधारलेलं बरं. पाऊस पडत असताना गेटच्या वरच्या फळ्या काढून वरचं गोडं पाणी सोडून द्या, ते हलकं असल्यामुळे वरच तरंगतं. पाण्यात हवा मिसळणारे एरेटर सगळे चालू ठेवा, नाहीतर वर गोडा आणि खाली खारा असे दोन थर होऊन तळाचा प्राणवायू संपतो. पहाटे दोन ते पाच डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, मोजा, लिटरला 4 मिलीग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. जनरेटरच्या डिझेलचा कॅन आदल्या दिवशीच भरून ठेवा. एका वर्षी माझा कॅन रिकामा निघाला आणि वीज तीन तास गेली. त्या तीन तासांची किंमत मी काढणीच्या दिवशी मोजली.

दाणा त्या दिवशी निम्म्यावर आणा. गार पाण्यात कोळंबी कमी खाते, उरलेला दाणा तळाला कुजतो आणि व्हिब्रिओला जेवण मिळतं. दुसऱ्या दिवशी ट्रे बघून मगच वाढवा. कवच मऊ लागत असेल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमची मिनरल द्या. दुपारी पीएच आधीच चढलेला असतो, तेव्हा कळीचा चुना टाकलात तर अमोनिया जास्त विषारी होतो. आणि पाऊस थांबला म्हणून लगेच खाडीचं पाणी घेऊ नका. ते गढूळ असतं, त्यासोबत विषाणू वाहणारे छोटे खेकडेही येतात. ब्लीचिंग केलेलं साठवण तलावातलं पाणीच वापरा, खेकड्यांची जाळी कुठे फाटली आहे का तेही बघून घ्या.

बाजारातल्या ‘इम्युनिटी बूस्टर’विषयी लोक नेहमी विचारतात. त्यात बहुधा यीस्टच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन असतं. पेशी त्याला बुरशी समजून जाग्या होतात, म्हणजे माल अगदीच खोटा नाही. पण महिनोन्महिने रोज देणं म्हणजे राखणदाराला रात्रंदिवस खोट्या आरोळ्या देऊन उठवणं. तो दमतो, आणि काळा रंग तयार होताना निघणारी विषं कोळंबीच्या अंगालाही भाजतात. द्यायचंच तर पावसाच्या अंदाजाआधी चार-सहा दिवस द्या, आणि एरेटर दुरुस्त नसेल तर तो पैसा आधी तिकडे घाला. अँटिबायोटिक तर विषाणूला काहीच करत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे, अंश सापडला तर परदेशातून माल परत येतो.

मर दिसली तर मेलेली आणि काठाला आलेली कोळंबी आधी जाळीने उचला. निरोगी कोळंबी मेलेलीला खाते आणि रोग तिथूनच पसरतो. तलावाचं पाणी खाडीत सोडू नका, ब्लीचिंग करून कोंडून ठेवा आणि शेजारच्या तलाववाल्याला त्याच दिवशी फोन करा. फोन लाजेने टाळला जातो, आणि पुढच्या उधाणाला तेच पाणी त्याच्या गेटातून आत जातं.

वेळेआधी काढणी करावी लागली तरी बर्फ आधी मागवून ठेवा. काढलेली कोळंबी डोक्याकडून काळी पडते ती त्याच काळ्या रंगाच्या यंत्रणेमुळे. जीव गेला तरी ते एंझाइम काम करत राहतं. पाण्यातून निघाल्या निघाल्या बर्फाच्या पाण्यात बुडवलेली कोळंबी व्यापाऱ्याच्या काट्यावर पांढरीच्या पांढरी चढते, आणि उन्हात ताडपत्रीवर अर्धा तास पडलेल्या मालाचा भाव तिथल्या तिथे पडतो.