खानदेशातून वसईचा किल्ला पाहायला जाताना

आपल्याकडची मंडळी वसईचा किल्ला पाहतात तो बहुधा मुंबईच्या फेरीत उरलेल्या दोन-तीन तासांत, आणि घरी परतल्यावर 'पडक्या भिंती आहेत' एवढेच सांगतात. या किल्ल्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि त्यातला दुपारनंतरचा वेळ भोवतालच्या बागायती वाड्यांना द्यावा, असा माझा आग्रह आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना तर या वाड्यांतून पाय निघणार नाही.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूच्या प्रवाशांनी सुरतमार्गे मुंबईला जाणारी गाडी धरावी आणि बोरिवलीला उतरून विरार लोकलने मागे वसई रोडला यावे. जळगाव-चाळीसगावकरांनी दादरला पश्चिम रेल्वेवर गाडी बदलावी. रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी विरारच्या दिशेने लोकल तुलनेने मोकळी मिळते, कारण त्या वेळी सारी गर्दी मुंबईकडे धावत असते. स्टेशनाच्या पश्चिमेकडून किल्ल्याकडे बस आणि रिक्षा जातात. ज्यांना पाण्यावरून किल्ला पाहायचा आहे त्यांनी भाईंदरहून २०२४ साली सुरू झालेल्या रो-रो (गाड्यांसह माणसे नेणाऱ्या) बोटीची त्या दिवसाची वेळ विचारून घ्यावी. खाडीतून येताना तट जसा हळूहळू मोठा होत जातो, तसा तो रस्त्याने येणाऱ्याला दिसत नाही.

तापी-गिरणेच्या काठी वाढलेल्या आपल्याला पूर कळतो, भरती कळत नाही. तिच्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. ओहोटीला खाडीच्या कडेला गुडघाभर गाळ असतो, तेव्हा मुलांना तिकडे उतरू देऊ नये. जाण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे. पावसाळ्यात तटावर शेवाळ असते आणि आतल्या रानात पाऊल कुठे पडते ते दिसत नाही. किल्ल्याच्या आत पाणी मिळेल असे धरून चालू नये.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचा कारभार येथूनच चालला. त्यामुळे येथे केवळ लष्करी ठाणे पाहण्याच्या तयारीने जाऊ नये. तटाच्या आत एक अख्खे शहर होते. भुई दरवाजाने आत शिरावे आणि दर्या दरवाजापर्यंत चालत जावे, म्हणजे त्या शहराचा कणा आपोआप उलगडतो. वाटेत सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा दुरूनच खूण देतो. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये मात्र घाई करू नये. तिथली जमीन थडग्यांच्या शिळांची आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात बसून पाहिले की झिजलेली पोर्तुगीज अक्षरे आणि घराण्यांची कोरीव चिन्हे हळूहळू उठून दिसू लागतात. त्यांवर पाय देऊ नये आणि खडूने किंवा पाण्याने अक्षरे उठवण्याचा प्रयत्न करू नये.

त्यानंतर तटाकडे वळावे. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी सेबॅस्टियन बुरुजाजवळ खिंडार पाडले आणि किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळातील मोठी घंटा याच विजयाची आठवण मानली जाते. नाशिकमार्गे येणाऱ्यांनी ती आधी पाहून यावे, म्हणजे किल्ल्यातले घंटांचे रिकामे मनोरे वेगळ्या नजरेने दिसतात. याच वसईत १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, आणि सोळा वर्षांनी आपला खानदेश कंपनीच्या अमलाखाली गेला. मला हा किल्ला परका वाटत नाही, त्याचे कारण हेच.

दुपारी गिरिज, निर्मळ, आगाशी या बाजूला निघावे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ, पानवेली, फुलझाडे आणि केळी, आणि मधूनमधून झाडांच्या सावलीत गोड्या पाण्याची छोटी तळी दिसतात. त्यांना इकडे बावखल म्हणतात. पावसाचे पाणी त्यांत मुरते आणि खारे पाणी विहिरींपासून दूर राहते. आपल्याकडे घरात अहिराणी बोलतात तशी इथल्या सामवेदी समाजाच्या घरांत कादोडी बोली बोलतात. प्रमाण मराठीत आदराने विचारपूस केली की बोलणे सहज सुरू होते. वाडीत मालकाला विचारल्यावाचून शिरू नये, आणि पाचूबंदरच्या कोळीवाड्यात मासे वाळवणाऱ्या बायकांचे फोटो त्यांच्या होकाराशिवाय काढू नयेत.

आगाशीत सुकेळी जरूर विचारावी. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात. मधाच्या रंगाची, बोटांना किंचित चिकटणारी ती सुकेळी चावताना खजुरासारखी ताण देते. भाव पडल्यावर शेतातच घड सोडून द्यावे लागलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याने ती करणाऱ्या घरी तासभर बसून वाळवणाची रीत विचारून घ्यावी: किती दिवसांचे ऊन, रात्री झाकण कशाचे, साल कोणत्या अवस्थेत काढायची. पावसाळ्यात हे काम पाहायला मिळणार नाही. परतीच्या रात्रीच्या गाडीत सुकेळीचा पुडा डब्याच्या पिशवीत वरच ठेवावा, आणि पानाचे वेष्टन घरी पोहोचेपर्यंत सोडू नये.