घरचा कॉम्प्युटर बाहेरगावाहून उघडताय? या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपुरात आठ दिवस मुक्काम पडला. नेमका पेरणीचा हंगाम. गावातल्या दोन कृषी केंद्रांचे हिशोब माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर असतात आणि जुनी बिलं श्रीलिपीत टाइप केलेली आहेत. ती फाइल पेन ड्राइव्हवर नेली तरी दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की अक्षरं ओळखूच येत नाहीत. म्हणून घरचंच मशीन नागपुरात बसून चालवावं लागलं. आपल्या खेड्यापाड्यांत शिक्षक, सेवा केंद्र चालवणारे, दुकानदार अशा बऱ्याच जणांना ही गरज पडते. मी स्वतः केलेल्या आणि लोकांच्या घरी जाऊन निस्तरलेल्या चुका इथे लिहितो आहे.

राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवणं

विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून मशीन चालवायची सोय, ३३८९ या पोर्टवर चालतं. पोर्ट म्हणजे मशीनमध्ये शिरायचं नंबर दिलेलं दार. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ सांगतात की राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा, ३३८९ घरच्या मशीनकडे वळवा, झालं काम. मीही एकदा तसं केलं होतं. दुसऱ्या दिवशी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची वही, त्यातली सिक्युरिटीची नोंद उघडली, तर ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागलेली. ४६२५ म्हणजे फसलेला लॉगिन. कुणीतरी 'ॲडमिन', 'टेस्ट', 'युजर' अशी नावं घालून रात्रभर कडी वाजवत होतं. यात माझ्याशी कुणाचं वैर नव्हतं. सगळं इंटरनेट चाळत उघडी पोर्टं हुडकणारे प्रोग्राम चोवीस तास चालूच असतात. कुंपणाला एक खिंडार राहिलं की रोही बरोबर तिथूनच वावरात शिरतो, तसंच हे.

पोर्टचा नंबर ३३८९ ऐवजी दुसरा ठेवला तरी हे प्रोग्राम तोही शोधून काढतात. पासवर्ड कितीही भक्कम असो, त्या सेवेतच दोष निघाला तर पासवर्डची वेळच येत नाही. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाचा असाच दोष उघड झाला. पासवर्डशिवाय आत शिरता येण्याजोगा तो दोष इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने कधीच बाद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली.

गावाकडे आणखी एक अडचण येते. सिमवर चालणाऱ्या राउटरवर आणि काही फायबर कनेक्शनांवर पोर्ट फॉरवर्डिंग मुळात चालतच नाही, कारण कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक घरं बसवते. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, तर तुमच्यापर्यंत बाहेरून थेट रस्ताच नाही. मग लोक स्टॅटिक आयपीसाठी, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतंत्र पत्त्यासाठी, दरमहा पैसे भरतात. ते पैसे वाचवा. ज्या खिंडाराची गरजच नाही, त्यासाठी कशाला खर्च?

त्याऐवजी टेलस्केल घरच्या मशीनवर आणि तुमच्या फोनवर टाका. आपल्याच मशीनांना इंटरनेटवरून खाजगी वाटेने जोडणारा हा प्रोग्राम वायरगार्ड या तंत्रावर चालतो. यात घरचं मशीन स्वतःहून बाहेर जोडणी करतं, त्यामुळे राउटरमध्ये काहीच उघडावं लागत नाही, आणि वर सांगितलेली सामायिक पत्त्याची अडचणही आड येत नाही. ते तुमच्या मशीनला १०० ने सुरू होणारा एक पत्ता देतं. हा पत्ता राउटरच्या पत्त्याहून वेगळा, दोन्हींत गल्लत करू नका. फोनवरच्या रिमोट डेस्कटॉप ॲपमध्ये हाच घालायचा.

दिसेल त्या मशीनवरून लॉगिन करणं

या चुकीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. लोक घरच्या मशीनची राखण करतात आणि ज्या मशीनसमोर बसले आहेत, त्याचा विचारच करत नाहीत.

बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन घ्या. दिवसभरात पन्नास जण त्यात आपापले पेन ड्राइव्ह घालतात. त्यात कीलॉगर असेल तर तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण कुठेतरी नोंदवलं जातं. कीबोर्डची वायर आणि यूएसबीचं तोंड यांच्यामध्ये बसणारा बोटभर तुकडाही हेच काम करतो, आणि तो कुठल्याही अँटिव्हायरसला दिसत नाही. इनकॉग्निटोमध्ये उघडलं म्हणजे सुरक्षित, असं पुष्कळ जण मानतात. इनकॉग्निटो फक्त त्या ब्राउझरमधला इतिहास आणि कुकीज ठेवत नाही. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर माउसने टिचक्या मारल्या तरी स्क्रीनचे फोटो काढणाऱ्या प्रोग्रामपासून सुटका नाही.

मग ओटीपी लावलेला असेल तर? चोरलेला पासवर्ड उद्या वापरायला गेलेल्याला ओटीपी नक्की अडवेल, म्हणून तो लावाच. पण तुम्ही आत शिरल्यावर समोरची स्क्रीन त्या परक्या मशीनच्याच ताब्यात असते. तुम्हाला दिसतं ते त्यालाही दिसतं.

क्रोम रिमोट डेस्कटॉप परक्या मशीनवर उघडायचं तर आधी तिथे गुगल खात्यात शिरावं लागतं. म्हणजे एका खातेवहीसाठी मेल, फोटो, ड्राइव्ह, साठवलेले पासवर्ड असं सगळं घर त्या टेबलावर मांडल्यासारखं होतं. हे करू नका.

माझा उपाय साधा आहे. मशीन आपलंच न्यायचं, आणि ते खिशात असतंच. अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने साधा यूएसबी माउस जोडला, ब्लूटूथ कीबोर्ड लावला, की बिलं काढण्याइतकं काम आरामात होतं. नागपुरात मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असंच आठ दिवस काम केलं. स्क्रीन लहान पडते, डोळ्यांना ताण येतो, हे खरं आहे. तरी परक्या मशीनपेक्षा ते परवडलं.

अगदीच नाइलाज असेल, फोनच बिघडला असेल, तर घरच्या विंडोजवर आधीच एक वेगळं, कमी अधिकारांचं खातं करून ठेवलेलं बरं. त्याला फक्त कामाचं फोल्डर दिसावं. तिथे बँकेचं पान उघडायचं नाही. काम झालं की लॉगआउट करायचं, नुसती खिडकी बंद करायची नाही. त्या मशीनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये काही उरलं का ते बघायचं. आणि आपल्या खात्रीच्या मशीनवर आल्याबरोबर त्या खात्याचा पासवर्ड बदलायचा.

अनोळखी माणसाला कोड सांगणं

रिमोटची ॲप वाईट नाहीत, पण ठगांचंही ते आवडतं हत्यार आहे. एनीडेस्क हे असंच एक ॲप वापरून यूपीआयमधून पैसे काढण्याच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. 'बिल भरलं नाही, आज रात्री लाइन कापणार' हा मेसेज तर गावोगाव फिरला आहे. त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस असं ॲप टाकायला लावतो आणि त्यात दिसणारा जोडणीचा नंबर विचारतो.

आमच्या शेजारच्या काकाजींना असाच फोन आला होता. ते धावत माझ्याकडे आले. "भाऊ, तो साहेब नऊ आकडे मागून राहिला, सांगू का?" मी म्हटलं, "नका सांगू काकाजी, फोन ठेवा आधी." तेवढ्यात वाचले. घरी कॉम्प्युटरजवळ असणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा की मी स्वतः फोन केल्याशिवाय स्क्रीनवरचा एकही आकडा कुणाला वाचून दाखवायचा नाही. आणि पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

जोडणीच होत नाही तेव्हा

आपल्याकडे याचं पहिलं कारण लाइन. भारनियमन असो की जळालेली डीपी, लाइन जाते आणि परत येते, पण कॉम्प्युटर बंदच राहतो. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, वीज परतल्यावर काय करायचं याचं एक सेटिंग असतं. नाव कंपनीगणिक वेगळं, बहुधा 'एसी पॉवर लॉस' असे शब्द त्यात सापडतात. ते 'पॉवर ऑन' वर ठेवा. विंडोजमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घ्या, किंवा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो लावा.

कॉम्प्युटर चालू झाला, तरी कुणी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल जागं होत नाही, असंही घडतं. त्याच्या मेनूत 'रन अनअटेंडेड' आहे, त्यावर खूण करा. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. टेलस्केलची किल्ली, म्हणजे मशीनला मिळालेली जोडणीची परवानगी, ठरलेली मुदत संपली की बाद होते, मूळ सेटिंगमध्ये ही मुदत १८० दिवसांची असते. सहा महिने बिनबोभाट चाललेलं मशीन एका सकाळी गायब होतं, ते यामुळे. फक्त घरच्या मशीनपुरती ही मुदत बंद करा, फोनची राहू द्या. फोन हरवू शकतो.

रिमोट डेस्कटॉप पासवर्ड नाकारत असेल तर तुम्ही बहुधा पिन घालताय. विंडोजचा चार आकडी पिन फक्त त्या मशीनसमोर बसून चालतो, बाहेरून खात्याचा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज बाहेरून आत घेतच नाही, आणि ते योग्यच आहे. विंडोज होम असेल तर त्या मशीनवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरताच येत नाही, त्यासाठी प्रो लागतं. होमवाल्यांनी रस्टडेस्क हे लांबून मशीन चालवायचं दुसरं ॲप टाकावं, त्यात थेट आयपीने जोडण्याची सोय चालू करून टेलस्केलचा पत्ता द्यावा. अजून विंडोज १० वर असाल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची मदत संपली आहे, हेही लक्षात असू द्या.

यातलं काहीच नसेल तर घरी फोन लावून डब्यावरचे दिवे विचारा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरच तुटली आहे, बहुतेक रस्त्याच्या कामात जेसीबीने. तिथे तुमच्या कुठल्याच सेटिंगचा उपयोग नाही, केबलवाल्याला फोन करा. मृगाच्या आधी विजा कडाडू लागल्या की मात्र घरच्यांना प्लग काढायला सांगा, त्या दिवशी काम राहिलं तर राहू द्या.

घरच्याच वाय-फायवर चाचणी घेणं

घरात बसून फोनवरून जोडून बघितलं आणि चाललं, यावर विसंबू नका. एकाच वाय-फायवर दोन्ही मशीन असली की बाहेरच्या रस्त्याची परीक्षाच होत नाही. मी गावाला निघण्याच्या दोन दिवस आधी फाट्यावर जातो, फोनचा वाय-फाय बंद करतो आणि मोबाइल डेटावर घरचं मशीन उघडतो. मग घरी फोन करून मेन स्विच पाडायला सांगतो, पाच मिनिटांनी परत चढवायला. मशीन आपोआप उठून फोनवर परत दिसलं, श्रीलिपीतलं एक बिल नीट वाचता आलं, की ओटीपी मिळाला नाही तर वापरायच्या बॅकअप कोडचा कागद पाकिटात आहे का ते बघतो आणि तिकीट काढतो.