शॉवरचा डायव्हर्टर घरीच दुरुस्त करा, टाइल फोडू नका

खालचा नळ चालू केला की वरून शॉवर पण गळायलाय, किंवा शॉवर लावला तरी निम्मं पाणी खालूनच चाललंय, अशी तक्रार घेऊन प्लंबरला बोलावलं की बरेच जण एक नजर टाकून सांगतात, आख्खी बॉडी बदलावी लागेल, टाइल फोडावी लागेल. आधी ऐकून घ्या. भिंतीतली बॉडी, म्हणजे डायव्हर्टरचं बाहेरचं कवच, पितळेची असते, ती सहसा खराब होत नाही. खराब होतं आतलं कार्ट्रिज, म्हणजे नॉबबरोबर फिरून पाण्याची वाट बदलणारा सुटा भाग, आणि त्यात पण बहुतेक वेळा नुसतं रबरी सील नाहीतर त्याला धरलेला क्षार. आमच्या लातूरकडं बोरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला आतून पांढरा थर धरतो, मग डायव्हर्टर कसा सुटेल.

डायव्हर्टरचं काम एकच, मिक्सरमधून, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळातून, आलेलं पाणी वर पाठवायचं की खाली. पाणी बंद करणं त्याचं काम नाही. म्हणून मिक्सर पूर्ण बंद असताना पण तासन्‌तास थेंब पडायलेत तर दोष मिक्सरच्या मोठ्या कार्ट्रिजचा, डायव्हर्टरला हात लावू नका. चालू असताना दोन्हीकडून पाणी येत असेल तरच तो डायव्हर्टर. आणि शॉवर बंद केल्यावर चार-पाच मिनिटं थेंब पडले तर ते पाइपात अन्‌ शॉवरात उरलेलं पाणी असतं, त्याला दुरुस्ती नसते.

काही उघडायच्या आधी शॉवरचं तोंड काढून लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. छिद्रं बुजली की पाण्याला वर वाट मिळत नाही, ते मागं दाबतं आणि खालच्या नळातून निघतं, आणि आपण उगाच डायव्हर्टरला दोष देतो. दुसरं, ज्यांच्याकडं खालच्या नळावरचं बटण ओढायचा प्रकार आहे त्यांनी टाकी किती उंच आहे ते बघा. ते बटण पाण्याच्या दाबावरच वर टिकतं. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, आपल्या एकमजली घरात टाकी शॉवरच्या वर ३ मीटर, म्हणजे दाब ०.३ बार, तेवढ्यात बटण आपोआप खाली पडणारच. तिथं नवीन बटण आणून काही होत नाही, प्रेशर पंप नाहीतर फिरवायच्या नॉबवालाच डायव्हर्टर लागतो.

आता भिंतीतल्या डायव्हर्टरकडं या. गच्चीवरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, थंडाचा पण आणि सोलरचा पण, एकच बंद केला तर मिक्सरमधून दुसरं पाणी येतच राहतं. नॉबचा स्क्रू ॲलन कीनं (षटकोनी किल्लीनं) काढा, फ्लँज, म्हणजे नॉबमागची भिंतीला टेकलेली चकती, सरकवून घ्या.

खरी परीक्षा इथून पुढं आहे. काही कंपन्यांत कार्ट्रिजवर पितळी लॉक नट असतो, काहींत कार्ट्रिज स्वतःच आट्यांनी बसलेलं असतं, पण क्षारानं दोन्ही सारखेच गच्च होतात. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा नट हलेना म्हणून मी पान्याच्या दांड्याला पाइप घालून जोर लावला. नट सुटला नाही, भिंतीतली आख्खी बॉडीच किंचित फिरली आणि मागचा सीपीव्हीसीचा एल्बो, म्हणजे प्लास्टिक पाइपाचा वाकडा जोड, तडकला. ते तेव्हा कळलंच नाही, तिसऱ्या दिवशी बेडरूमच्या भिंतीला ओल आली तेव्हा कळलं, आणि मग टाइल फोडावीच लागली. म्हणून सांगतो, पान्याला पाइप लावायचा नाही, हातोडीनं ठोकायचं नाही, आणि संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात ओतायचं नाही, ते क्रोम खातं आणि पितळ पण खातं. ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व, त्यात फडकं भिजवून नटाभोवती गुंडाळा, दोन तास ठेवा, मधून मधून ओलं करत राहा. मग पाना घट्ट बसवून आधी नट *आवळायच्या* दिशेनं केसभर हलवा, मग सोडवायच्या दिशेनं, परत आवळा, परत सोडवा. क्षाराची पकड तुटते तेव्हा बारीक कर्र आवाज येतो. नाही आला तर फडकं परत लावून दुसऱ्या दिवशी करा, एक दिवस बादलीनं आंघोळ केली तर काही बिघडत नाही.

कार्ट्रिज बाहेर आलं की लगेच नवीन बसवू नका. जुनं रबरी सील बऱ्याचदा बॉडीच्या तळाला चिकटून आतच राहतं. नवीन त्याच्यावर बसलं की ते नीट टेकत नाही आणि गळती होती तशीच, आणि लोक म्हणतात नवा माल खराब निघाला. मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा, सील राहिलं असेल तर लाकडी काडीनं काढा, स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नका, सील टेकायची जागा चरली की मग खरंच बॉडी बदलावी लागेल. पुढं फडकं धरून व्हॉल्व्ह दोन सेकंद उघडा, आतली क्षाराची खडी निघून जाईल.

दुकानात फोटो नाही, जुनं कार्ट्रिज न्या. ३५ आणि ४० मिलिमीटर दिसायला सारखेच वाटतात, दांडीचे दाते अन्‌ तळाच्या खुंट्या पण वेगळ्या असतात.

रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, काही रबरं त्यानं फुगतात. खुंट्या भोकात बसवा, नट हातानं घट्ट करून पान्यानं फक्त पाव वळसा. नॉब जड फिरायला लागला तर जास्त आवळलंय, थोडं सोडा.

फ्लँज दुसऱ्या दिवशीच लावा. तोवर चार वेळा वर-खाली पाणी फिरवून बॉडीभोवती बोट फिरवून बघा, आणि भिंतीच्या पलीकडच्या खोलीत पण एकदा हात लावून या.