नर कुत्र्याची नसबंदी कितव्या महिन्यात? या चुका टाळा

भाद्रपद लागला की गोव्यातल्या आमच्या डिचोलीकडच्या गावात रात्रीची झोप मोडते. चतुर्थीच्या आरत्या आटोपून माणसं आडवी होतात न होतात तोच रस्त्यावर कुत्र्यांचा कल्ला सुरू होतो. एक मादी पुढे आणि आठ-दहा नर तिच्या मागे. कुंपणाच्या आतला आपला शहाणा कुत्राही मग ताटलीतलं टाकून फाटकापाशी जाऊन बसतो, कण्हतो, खालची माती उकरतो. नेमक्या त्याच दिवसांत ओळखीपाळखीचे लोक मला विचारू लागतात, "ताई, ह्याचं ऑपरेशन कितव्या महिन्यात करू?"

मी डॉक्टर नाही. पंधरा वर्षं घरात कुत्री आहेत आणि गावातल्या भटक्या कुत्र्यांना ऑपरेशनसाठी नेण्या-आणण्याचं कामही करते. एवढ्या काळात माझ्याकडून चुका झाल्या, इतरांच्याही पाहिल्या. महिन्यांचा एकच आकडा सगळ्या कुत्र्यांना लावणं ही त्यातली सगळ्यात मोठी. कुत्रा मोठा होऊन किती किलोचा होणार आणि आपलं फाटक कितपत बंद राहतं, या दोन गोष्टींचा विचार केल्याशिवाय वय ठरवताच येत नाही.

'नसबंदी' या शब्दाने होणारा घोळ

आपण सगळेच नसबंदी म्हणतो, मीही म्हणते. पण पुरुषाच्या नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणारी नळी कापून बांधतात, हार्मोन चालूच राहतात. कुत्र्याच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही वृषणं काढून टाकतात. पिल्लं होणं थांबतं तसं टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोनही थांबतं. आपल्याकडे बैलाला बडवतात, परिणामाच्या दृष्टीने हे त्याच्या जवळचं आहे. इथे मात्र भूल देऊन, नीट शस्त्रक्रिया करून होतं.

हे कळलं की वयाचा एवढा ऊहापोह का, तेही कळतं. वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांपाशी मऊ कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि हाडाची लांबी तिथून वाढते. पिल्लू वयात येताना हार्मोन वाढतात आणि या पट्ट्या हळूहळू बंद होतात. हार्मोनच आधी काढून टाकले तर पट्ट्या उशिरा बंद होतात. कुत्रा थोडा उंच, लांब पायांचा होतो आणि सांध्यांवर येणारा भार बदलतो. आठ-दहा किलोच्या कुत्र्याला ते सहसा जाणवतही नाही. पस्तीस किलोच्या कुत्र्याच्या खुब्याला आणि गुडघ्याला मात्र ते महागात पडू शकतं.

"सहा महिने झाले की करून टाका"

हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आलाय आणि लहान कुत्र्यासाठी आजही तो ठीकच आहे. मोठ्या जातींबाबत मात्र आता चित्र बदललंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत बेंजामिन हार्ट आणि लिनेट हार्ट यांच्या गटाने तिथल्या पशुरुग्णालयातल्या हजारो कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. 2013 साली त्यांनी गोल्डन रिट्रीव्हरबद्दल लिहिलं. वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या नरांपैकी साधारण 10 टक्क्यांना खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिसप्लेसिया, निघाला. ऑपरेशन न झालेल्या नरांच्या हे दुप्पट होतं. 2020 साली त्यांनी 35 जातींसाठी सल्ला दिला. नरांपुरतं बोलायचं तर गोल्डन रिट्रीव्हर आणि रॉटवायलर वर्ष उलटल्यावर, जर्मन शेफर्ड दोन वर्षांच्या सुमारास किंवा नंतर, लॅब्राडोर सहा महिन्यांनंतर. पग, पॉमेरेनियन यांसारख्या लहान जातींत लवकर ऑपरेशन केल्याने सांध्यांचा त्रास वाढल्याचं दिसलं नाही.

लॅब्राडोर आणि गोल्डन दिसायला भाऊभाऊ, पण त्यांचीही उत्तरं वेगळी. म्हणून "शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं पाचव्या महिन्यात केलं, काही झालं नाही" हे ऐकून आपल्या कुत्र्याचा निर्णय घेऊ नका.

जात नक्की ठाऊक नसेल, मिश्र असेल, तर वजन पाहायचं. मिश्र कुत्र्यांवरच्या हार्ट यांच्याच गटाच्या अभ्यासात 20 किलोच्या वर जाणाऱ्यांना वर्षाच्या आतलं ऑपरेशन सांध्यांसाठी जोखमीचं ठरलं, त्याखालच्यांना नाही. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वंही जवळपास तिथेच रेघ ओढतात. साधारण 20 किलोच्या आत राहणारा नर असेल तर सहाव्या महिन्यात, त्याहून मोठा होणारा असेल तर वाढ थांबल्यावर, म्हणजे बहुधा 9 ते 15 महिन्यांच्या दरम्यान. पिल्लाचं मोठेपणीचं वजन कसं ओळखायचं? मध्यम बांध्याचं पिल्लू चार-साडेचार महिन्यांचं असताना वजनकाट्यावर ठेवा आणि आलेला आकडा दुप्पट करा. अंदाजच तो, पण निर्णयापुरता पुरतो.

वाट पाहण्याची चूक, जी मी केली

आमचा भुऱ्या गावठी. पूर्ण वाढ झाल्यावर अठरा किलोचा. त्याच्या लहानपणी मी मोठ्या जातींबद्दलचं हे सगळं नुकतंच वाचलं होतं आणि ठरवून टाकलं की दोन वर्षं हात लावायचा नाही. आमच्या घरामागे कमरेएवढी चिऱ्यांची वई, म्हणजे कुंपण, आणि पलीकडे शेतं. पहिल्याच भाद्रपदात तो वईवरून उडी मारून गेला. तीन दिवस घर नाही. चौथ्या दिवशी सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत आला, त्याच्या सायकलमागून हाही आला. एक कान फाटलेला, अंगभर चिखल. जखम भरली आणि मला वाटलं, विषय संपला.

चार महिन्यांनी बलकांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओट्याच्या, लादीवर रक्ताचे थेंब दिसू लागले. जिथे तो बसून उठायचा तिथे दोन-तीन थेंब. लघवीचा जंतुसंसर्ग असेल म्हणून मी आठवडा घालवला, पाणी जास्त पाजलं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला कुशीवर झोपवलं, लिंगावरची कातडी हलकेच मागे सारली आणि मला जवळ बोलावलं. आत फुलकोबीच्या तुऱ्यासारखा लालभडक गोळा होता, बोट लागताच रक्त येत होतं. या रोगाला टीव्हीटी म्हणतात. संभोगातून, चाटण्या-हुंगण्यातून पसरणारा हा कर्करोग. यात कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. जिथे मोकाट कुत्री जास्त, तिथे हा रोग नेहमीचा.

यावर औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं. आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन, शिरेतून. भुऱ्याला सहा लागली. दर वेळी आधी रक्त तपासायचं, मग पुढच्या पायावरचे केस भादरून शीर शोधायची. त्या वेळात तो माझ्या काखेत तोंड खुपसून स्तब्ध उभा राहायचा आणि त्याचा गरम श्वास मला सदऱ्यातून लागायचा. तो बरा झाला, मग त्याचं ऑपरेशनही झालं. पण ते आठव्या महिन्यात झालं असतं तर ही सहा इंजेक्शनं टळली असती. अठरा किलोच्या गावठी कुत्र्याच्या सांध्यांना त्या वयात फारशी भीती नव्हतीच. मी बंद घरात वाढणाऱ्या गोल्डनचा हिशेब गोव्यातल्या मोकळ्या अंगणाला लावला होता.

म्हणून आता विचारणाऱ्याला मी आधी फाटकाबद्दल विचारते. कुत्रा संध्याकाळी सोडता का? वई केवढी? बाई कामाला येते तेव्हा फाटक उघडं राहतं का? कुत्रा लहान-मध्यम आणि मोकळा फिरणारा असेल तर सहा ते आठ महिन्यांत ऑपरेशन करून घ्या. मोठ्या जातीचा आणि साखळीशिवाय बाहेर न जाणारा असेल तर वाढ पूर्ण होऊ द्या. मोठ्या जातीचा असून मोकाट फिरत असेल तर आधी फाटक दुरुस्त करा.

भटक्यांची गोष्ट निराळी. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे 2023 चे नियम सांगतात की नसबंदी आणि रेबीजची लस देऊन कुत्र्याला पकडला तिथेच परत सोडायचं. कानाचा छोटा तुकडा कापलेला दिसला की ऑपरेशन झालेलं आहे असं ओळखायचं. "एवढ्या लहानाला का नेता?" असं लोक मला विचारतात. कारण रस्त्यावरचा नर आज हाती लागला तर लागला, वाढ पूर्ण झाल्यावर तो पुन्हा सापडेल याची खात्री कोणीच देत नाही.

स्वभाव सुधारेल या आशेवर घाई

भटकणं, घरात जागोजागी तंगडी वर करणं, पाहुण्यांच्या पायावर चढणं, मादीपायी इतर नरांशी भांडणं यांवर ऑपरेशनचा बऱ्यापैकी उपयोग होतो. भटकण्यावर सगळ्यात जास्त. पण भीतीपोटी गुरगुरणारा, अनोळखी माणसावर धावून जाणारा कुत्रा ऑपरेशनने शांत होईलच असं नाही. भित्र्या कुत्र्याची भीती काही वेळा वाढतेसुद्धा. अशा कुत्र्याबद्दल आधी डॉक्टरांशी आणि शिकवणाऱ्या माणसाशी बोला. "राखण सोडेल" ही भीती मात्र मनातून काढून टाका. भुऱ्या आजही आमच्या वळणावरचा पायरव ओळखतो. आणि "एकदा तरी मादी दाखवायला हवी" याला काहीच आधार नाही. त्याने कुत्र्याचं भलं होत नाही, फक्त पिल्लं होतात.

एकच वृषण खाली उतरलेलं असताना

पिल्लू दोन महिन्यांचं होईतो दोन्ही वृषणं अंडकोशात उतरलेली हवीत. सहा महिन्यांनंतरही एकच हाताला लागत असेल तर दुसरं पोटात किंवा जांघेत अडकलेलं आहे असं धरायचं. असं अडकलेलं वृषण आतल्या उबेत राहून पुढे गाठीचं होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. खाली दिसतं तेवढंच काढून घरी आणणं ही मोठी चूक. आतलं शोधून काढावंच लागतं, आणि हा दोष आनुवंशिक असल्याने अशा नराची जोडी लावू नये. पहिल्या लसीलाच डॉक्टरांना तपासायला सांगा, अर्धं मिनिट लागतं.

दिवस निवडताना

आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट. गोचिडांतून होणाऱ्या तापात रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी होतात आणि कुत्रा वरून ठणठणीत दिसू शकतो. अशा कुत्र्याला टेबलावर घेतलं तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून ऑपरेशनआधी रक्ताची तपासणी मागून घ्या. वाचवलेले पैसे इथे फार महाग पडतात. पिल्लाच्या लसीही आधी पूर्ण करा. रेबीजची लस दर वर्षी लागतेच, ऑपरेशन झालं म्हणून ती चुकवायची नाही.

गावठी पिल्लं बहुधा पावसाळ्यानंतर, थंडीच्या तोंडाशी जन्मतात. म्हणजे ती सहा महिन्यांची होतात ती मे-जूनमध्ये. भाद्रपदाच्या आधी ऑपरेशन हवं असेल तर हाच काळ हाताशी असतो. पावसात ऑपरेशन करू नये असं काही नाही, पण टाके असेपर्यंतचे 10 ते 14 दिवस कुत्र्याला कोरड्या फरशीवर, आत ठेवता आलं पाहिजे. चतुर्थीचे दिवस आणि दिवाळीतली नरकासुराची रात्र मात्र टाळा. घरात पाहुणे, दार सताड उघडं, बाहेर फटाके. टाक्यांसकट कुत्रा पळून गेला तर त्याला शोधायचं कुठे?

घरी आणल्यावर

टेस्टोस्टेरॉन पटकन उतरतं, पण शुक्राणू काही आठवडे उरतात. ऑपरेशन झालं म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मोकळा सोडू नका, महिनाभर मादीपासून दूर ठेवा. वागणूक बदलायला तर काही महिनेही लागतात.

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला शंकूसारखा पट्टा, म्हणजे कोन, केविलवाणा वाटतो म्हणून घरातलं कोणी तरी तो हमखास काढतं, बहुतेक वेळा आजी. एका रात्रीत टाके चाटून जखम उघडी पडते. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी अजिबात देऊ नका. कुत्र्याच्या यकृताला, पोटाला आणि मूत्रपिंडाला ती घातक ठरू शकते. डॉक्टरांनी लिहून दिलेलंच औषध, तेवढ्याच मापाने.

वजनाकडेही पाहा. ऑपरेशननंतर अन्नाची गरज साधारण 20 ते 30 टक्क्यांनी कमी होते आणि भूक उलट वाढते. भाताचं माप तेच राहिलं तर वर्षभरात कुत्रा गोल होतो आणि ज्या सांध्यांसाठी एवढा विचार केला तेच दुखू लागतात. फासळ्यांवरून हात फिरवा, बोटांना त्या सहज जाणवल्या पाहिजेत.

अंडकोशाची रिकामी पिशवी पहिले काही दिवस थोडी सुजलेली दिसते, ते चालतं. ती लिंबाएवढी ताठ झाली, काळीनिळी पडली, टाक्यांतून रक्त ठिबकायला लागलं, किंवा दुसऱ्या दिवशीही कुत्रा खाईना आणि हिरड्या पांढरट दिसल्या, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करा.